पोचभाऊ

मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला ते आले, तेव्हा काखेत एक लांबट वही होती. पत्रिका माझ्या हातात ठेवली, चहा घेतला आणि उठता उठता वही उघडून म्हणाले, "इथं सही करा. तारीख टाका. येळ टाकली तं अजून बेस." माझ्या आधी शंभरावर लोकांनी पत्रिका मिळाल्याच्या सह्या केल्या होत्या. एका सहीपुढं 'हरकत राखून' असं लिहिलेलं दिसलं. ते व्याही होते.

तेव्हापासून भातकुलीत त्यांना पोचभाऊ म्हणतात. खरं नाव मतदारयादीत असेल. तीस वर्षं एका कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढलेला माणूस. निवृत्त झाला तेव्हा निरोपाच्या नारळाचीसुद्धा नोंद करून घरी आला. देवावर त्यांची श्रद्धा आहे. पण देव अर्ज घेतो आणि पोच देत नाही, एवढी एक तक्रार आहे.

तर त्यांच्या सांदवाडीत एक निंब आहे. दोघांनी हात धरले तरी बुंधा कवेत येत नाही. माझ्या आठवणीत तो सरळ होता. मग रस्त्याकडच्या फांद्या तारांना लागतात म्हणून दर मे महिन्यात लाइनमन शिडी लावू लागला. त्यानं ना अर्ज केला, ना पोच घेतली. वर चढला, सपासप छाटलं, चहा पिऊन गेला. पाच-सहा उन्हाळ्यांत झाडाचा सगळा भार घराकडं आला. आता तो निंब स्वयंपाकघराच्या टिनांवर असा वाकून उभा आहे, की फोडणीत काय पडलं ते पाहतोय असं वाटावं. बुंध्यात ढोली आहे, ढोलीत पोपट आहेत, आणि ढोलीखालचं खोड बोटानं टोकरलं तर भुसा पडतो.

यात हसण्यासारखं काही नाही, हे आधी सांगून टाकतो. ९ एप्रिल २०२३च्या रात्री बाळापूर तालुक्यातल्या पारसला, बाबूजी महाराज संस्थानात, असाच एक जुना कडुनिंब वादळात टिनाच्या शेडवर कोसळला. पाऊस आला म्हणून लोक शेडखाली आले होते. सात माणसं गेली. पारस काही लांब नाही, आपल्याच वऱ्हाडातलं. त्या आठवड्यात साऱ्या वऱ्हाडात माणसं आपापल्या झाडाखाली उभी राहून वर पाहत होती. पोचभाऊंनी खाट पुढच्या खोलीत आणली, आईची बाजही आणली आणि रात्रभर जागे राहिले.

दुसरं कोणी असतं तर काय केलं असतं ते गावाला ठाऊक आहे. आरा मशीनवाला तर पारसची बातमी छापून आली त्याच दिवशी दारात हजर. झाडाभोवती एक फेरी मारली, बुंध्यावर थाप मारली आणि भाव सांगितला. "काका, शनवारच्या राती पाडतो. सोमवारी साहेब ड्युटीवर येईलोक इथं ओटा बांधून तुळस लावून देतो. कोनाले समजत बी नाई."

"पोच कोन देईन?" पोचभाऊंनी विचारलं.

"कायची पोच?"

"झाड होतं, अन् रीतसर पाडलं, याची."

आरा मशीनवाला बराच वेळ त्यांच्याकडं पाहत राहिला. मग मोटारसायकलला किक मारून गेला.

इथून पोचभाऊंचा खरा जन्म सुरू होतो. परवानगी मागायची कुठं, हेच आधी ठरेना. भातकुली हा अमरावतीला खेटून असलेला तालुका, इतका खेटून, की बरीच वर्षं भातकुलीचं तहसील अमरावतीतच बसत होतं. ते गावात आणायचं ठरलं तेव्हा केवढं रण माजलं होतं ते लोक विसरलेले नाहीत. अशा गावच्या माणसाला कचेरी शोधत फिरण्याचं वावडं नसतं. पोचभाऊंनी १९६४चा वृक्षतोडीचा कायदा आणला. त्याच्या अनुसूचीतली सोळा झाडं ते पाढ्यासारखी म्हणून दाखवत: साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, हिरडा, जांभूळ, तिवस, अंजन, ऐन, किंजळ, बिजा, हळदू, खारफुटी. भातकुलीत खारफुटी कशाला लागते हा प्रश्न मी विचारला. त्यांनी माझ्याकडं, राज्यघटनेत अमरावतीचा उल्लेख का नाही असं विचारणाऱ्याकडं पाहावं तसं पाहिलं. खरी गोष्ट पुढंच होती. सोळांत निंब नव्हता. वड नाही, पिंपळ नाही, निंब नाही.

"म्हंजे तोडा की बिनधास्त," मी म्हणालो.

"भाऊ, यादीत नाव नाई म्हंजे झाड नाई असं नसते. म्हंजे आपन चुकीच्या टेबलावर आलो."

बरोबरच होतं. भातकुलीला आता नगरपंचायत आहे, म्हणजे शहराचा कायदा, १९७५चा. त्यात वृक्ष प्राधिकरण आहे, झाडावर नोटीस डकवणं आहे, हरकती मागवणं आहे. विनापरवाना तोडलं तर दंड आणि वर कैद. पोचभाऊंच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे तेज पाहिलं, ते मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

अर्ज लिहायला नऊ दिवस लागले. विषय, संदर्भ, सहपत्रं एक ते चौदा. 'सदर वृक्ष दक्षिण दिशेस अंदाजे पंधरा अंश कललेला असून त्याचे वर्तन वादळी हवामानात विश्वासार्ह राहिलेले नाही', हे वाक्य त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं. कोण्या शिपायाच्या गोपनीय अहवालातून उचललं असावं. भिंतीच्या तड्याचा फोटो होता, फोटोत मोजपट्टी होती, मोजपट्टी धरलेला माझा हात होता. आणि तिसऱ्या परिच्छेदात, अभिमानानं: 'सदर वृक्ष माझे वडिलांनी सन १९६४ मध्ये लावला आहे.'

तिथं घात झाला. २०२१ साली कायद्यात दुरुस्ती झाली आहे. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं. आणि झाड तोडायचं तर त्याच्या वयाइतकी नवी रोपं लावायची आणि सात वर्षं जगवून दाखवायची. अर्ज २०२३चा. निंबाचं वय एकोणसाठ.

एकोणसाठ रोपं! पोचभाऊंच्या सांदवाडीत तेवढी लावायची तर आधी घर पाडावं लागेल, आणि घर पाडायला परवानगी लागते, ती फाईल वेगळी. शिवाय हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. त्यांनी पेरू, सीताफळ, मोगरा, सगळं करून पाहिलेलं. तिसऱ्या महिन्यात पानांच्या कडा जळतात आणि सहाव्या महिन्यात आळ्यात नुसती काडी उरते. या पाण्यावर त्या आवारात साठ वर्षांत जगून दाखवलं ते एकट्या निंबानं, आणि त्यालाच काढायचं होतं. हे मी बोललो नाही. मोजपट्टी धरणाऱ्यानं फार बोलू नये.

पोचभाऊंनी शुद्धिपत्रक दाखल केलं. 'परिच्छेद तीनमध्ये हस्तदोषाने १९६४ असे नमूद झाले आहे, ते १९७४ असे वाचावे.' एका आकड्यानं निंब एकोणपन्नासचा झाला, वारशातून बाहेर. नोकरी लांबावी म्हणून जन्मतारीख पुढं सरकवणारे मी पाहिले आहेत. आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा जन्म तर मास्तरांच्या सोयीनं १ जूनला झालेला आहे. पण झाडाला दहा वर्षांची सूट देणारा हा पहिलाच.

मग नोटीस आली आणि निंबाच्या बुंध्यावर डकवली गेली. ज्यांची हरकत असेल त्यांनी लेखी कळवावं. गल्लीतली सगळी माणसं वाचून गेली. शेजारची वहिनी रोज पाल्याच्या नावानं बोटं मोडते. तिनंही वाचली आणि "पाला पडते, पन सावली बी पडते ना बाप्पा," एवढं म्हणून झाडू उचलला. हरकत कोणाचीच आली नाही. म्हणजे मुदतीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत.

त्या संध्याकाळी आईनं विचारलं, "झाडाले कायचा कागद चिकटवला रे?"

पोचभाऊंनी वाचून दाखवला. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नाही. १९७४ हा हस्तदोष होता.

"थो झाड तुया बापानं लावला. तू रांगत होता तवा. मले इचारलं का कोनी?"

"आता इचारूनच राहिले, माय. ज्याची हरकत असन त्यानं लेखी द्या म्हंते."

"मंग लिही माही हरकत."

"मी?"

"मले येते का लिहाले?"

दुसरा कोणी असता तर चार ओळी खरडून आईचा अंगठा घेतला असता. पण पोचभाऊंच्या हातून कच्चा कागद जात नाही. रात्रभर दिवा जळत होता. सकाळी त्यांनी मला साक्षीदार म्हणून बोलावलं, तेव्हा आक्षेप सात पानांचा झाला होता. मुद्दा एक: वृक्ष १९६४चाच आहे, अर्जदाराचं शुद्धिपत्रक दिशाभूल करणारं आहे. मुद्दा दोन: भिंतीचा तडा मुळांमुळं नसून काळ्या मातीमुळं आहे, ही माती उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते, आणि सांदवाडीत एकही झाड नसलेल्या तीन घरांनाही असेच तडे आहेत (फोटो सोबत, मोजपट्टी धरलेला हात पुन्हा माझाच). मुद्दा तीन: पाडव्याची पानं. मुद्दा चार: निंबाच्या तेलाच्या बुरशीनाशकावरचं एका अमेरिकन कंपनीचं पेटंट म्युनिकच्या युरोपीय पेटंट कार्यालयानं २००० साली रद्द केलेलं आहे, 'यावरून सदर वृक्षाचे आंतरराष्ट्रीय महत्त्व लक्षात यावे'. अर्जापेक्षा आक्षेप कितीतरी सरस होता. मी तसं सांगितलं. ते लाजले.

सुनावणीला त्यांनी आईला रिक्षानं नेलं. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. अक्षर एकच.

"अर्जदार कोण?"

"मी, साहेब."

"आक्षेपक?"

"माही माय."

"त्यांची बाजू कोण मांडणार?"

"मीच मांडतो. अर्जदार म्हनून मले हा आक्षेप मान्य नाई. पन आक्षेपकाच्या वतीनं सांगतो, अर्जात काई दम नाई."

साहेब शहाणे होते. त्यांनी चष्मा काढला आणि स्थळपाहणी लावली.

पाहणी मे महिन्यात झाली, पारा पंचेचाळीसला टेकलेला. साहेब, त्यांच्यासोबतचे दोघे, पोचभाऊ, मी, आई, सगळे निंबाखाली बसलो. कारण बसायला तेवढीच जागा होती. ताक आलं. ढोलीतले पोपट बोलत होते. एक जण टेपनं घेर मोजायला उठला आणि मोजता मोजता तिथंच टेकून बसला. आठवड्यानं आदेश आला: झाड तोडण्याची गरज दिसत नाही, घराच्या बाजूच्या जड फांद्या आवश्यक तेवढ्या उतरवून भार समतोल करावा.

मी म्हणालो, झालं! उद्याच माणूस बोलवा. पोचभाऊ आदेशावर बोट ठेवून बसले होते. 'आवश्यक तेवढ्या' या दोन शब्दांवर.

"म्हंजे किती फूट?"

त्या संध्याकाळी स्पष्टीकरण मागवणारं पत्र गेलं. त्याला स्मरणपत्र एक, स्मरणपत्र दोन. जुन्या लोकांच्या मते भातकुली म्हणजे भोजकट. कृष्णानं रुक्मिणीला नेलं, रुक्मीनं सोडवून आणीन नाहीतर कौंडिण्यपुरात पाय ठेवणार नाही अशी शपथ घेतली, हरला, आणि परत जायची सोय उरली नाही म्हणून हरला तिथंच गाव वसवलं. गावाची पायाभरणीच अशा माणसानं केलेली. पोचभाऊंना मी काय सांगणार?

परवा रात्री वारं सुटलं. टिनं वाजायला लागली, वीज गेली, धुळीत काही दिसेना. साडेअकराला दारावर थाप. दार उघडलं तर पोचभाऊ, भिजलेले, छातीशी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं गाठोडं.

"भाऊ, हे आजची रात तुमच्या इथं ठेवा. झाड पडलं तं फाईल वाचली पाह्यजे."

"अहो, आणि आई? वहिनी?"

"त्या झोपल्या," ते म्हणाले आणि पिशवीत हात घालून वही काढली. "इथं सही करा. येळ टाका."

मी अंधारातच सही केली.