कंबर आधी, काठी नंतर : वडवणीतून गोल्फ-स्विंगचा अभ्यास

गोल्फच्या स्विंगमध्ये एक माणूस, एक काठी आणि एक जागेवर बसून राहिलेला चेंडू एवढेच घटक असतात. चेंडू कोणी टाकत नाही, कोणी अडवत नाही, आणि माणसाने कितीही वेळ विचार केला तरी तो कंटाळून उठून जात नाही. इतकी सोय असूनही हा फटका नीट बसावा म्हणून जगभर कॅमेरे, रडार, सेन्सर आणि प्राध्यापक राबत असतात. कारण साधे आहे. चेंडूचे वजन जास्तीत जास्त 45.93 ग्रॅम आणि व्यास कमीत कमी 42.67 मिलिमीटर असतो. काठीचे तोंड त्याला अर्ध्या मिलिसेकंदाहूनही कमी काळ टेकते. त्या क्षणी दिशेत दोन अंशांची चूक झाली, तर दोनशे मीटरवर तिची सात मीटर होतात. माणसाच्या बाकीच्या आयुष्यात दोन अंशांची चूक सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही.

या शास्त्राचा विचार वडवणीतून करण्याला एक अडचण आहे. बालाघाटाच्या कडेला, बीड-परळी रस्त्यावरच्या या तालुक्याच्या गावी गोल्फचे मैदान नाही आणि नजीकच्या काळात होण्याची धास्तीही नाही. अठरा होलांच्या मैदानाला शंभर एकरांहून जास्त जमीन लागते आणि त्यावरचे गवत बारा महिने हिरवे ठेवावे लागते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या मुलखात एवढी हिरवळ कोणी राखलीच, तर तिच्यावर पहिली शेळी आणि पहिला मोर्चा एकाच दिवशी येईल. हौस असणाऱ्याला येरवड्याचे पूना क्लबचे मैदान गाठायचे, तर अडीचशे किलोमीटरांहून जास्त रस्ता कापावा लागतो. 1927 पासूनचे चेंबूरचे बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचे मैदान त्याच्याही पलीकडे. नाशकात ‘गोल्फ क्लब ग्राउंड’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर क्रिकेट आणि राजकीय सभा होतात, तेव्हा तिकडे काठी घेऊन जाण्यात अर्थ नाही. गैरसमज होण्याची शक्यता जास्त. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून उदयन माने हा मराठी आडनावाचा गोल्फपटू खेळला, ही बातमी मात्र वडवणीतही वाचली गेली असणार. क्रिकेटच्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात असते तेवढीच.

मैदान नसले तरी स्विंग वडवणीत आहे, आणि भरपूर आहे. तो कोयत्याचा आहे. दसरा-दिवाळी उरकली की या तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरलेला असतो, आणि पुढचे पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडाच्या कडेला कोप्या पडतात. पहाटे अंधारात सुरू होणारे काम दिवसाला जोडप्यामागे दीड-दोन टनांवर जाते. एका उसाचे वजन किलो-दीड किलो धरले आणि प्रत्येक उसाला बुडात एक घाव व शेंड्याला एक घाव मोजला, तर रोजचे अडीच-तीन हजार घाव होतात. गोल्फमध्ये अठरा होलांच्या एका डावाला चार तास लागतात. हलक्या हाताने चेंडू ढकलण्याचे फटके वगळले, तर हौशी खेळाडूच्या वाट्याला पुरे स्विंग चाळीस-पन्नासच येतात. काठी वरून खाली यायला पाव सेकंद लागतो. म्हणजे चार तासांतले खरे काम दहा-बारा सेकंदांत आटोपते. बाकीचा वेळ चालण्यात, चेंडू शोधण्यात आणि आधीचा फटका वाऱ्यामुळे बिघडला हे सोबत्याला पटवण्यात जातो. साहित्याचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. गोल्फच्या नियमाने एका माणसाला चौदा काठ्या बाळगता येतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता असतो.

हालचाल मोजण्याच्या विद्येचा इतिहास पाहिला, तर तिची सुरुवात खेळाडूंपेक्षा मजुरांपासूनच जास्त झालेली दिसते. अमेरिकेत फ्रँक गिलब्रेथ याने विटा रचणाऱ्या गवंड्याच्या हालचाली मोजल्या आणि एका विटेमागच्या अठरा हालचाली पाचांवर आणल्या. पुढे बोटांना छोटे दिवे बांधून अंधारात त्यांची छायाचित्रे घेण्याची पद्धत त्याने आणि त्याची पत्नी लिलियन हिने काढली, आणि तिच्या तावडीतून गोल्फपटूही सुटले नाहीत. 1920 च्या दशकात मॉस्कोच्या मध्यवर्ती श्रमसंस्थेत निकोलाय बर्नस्टाइन हातोडा मारणाऱ्या कामगारांचे असेच चित्रण करत होता. त्याला जे आढळले ते अजून पचलेले नाही. पट्टीच्या कामगाराचा खांदा, कोपर आणि मनगट दर घावाला थोड्या वेगळ्या वाटेने जातात, पण हातोडा बरोबर जागी पडतो. म्हणजे एकच हालचाल जशीच्या तशी घोटून कसब येत नाही. दर वेळी नव्याने जुळवून तेच फळ काढण्यात कसब आहे. ‘माझा स्विंग कालच्यासारखाच झाला पाहिजे’ असा हट्ट धरणाऱ्या गोल्फपटूला हे शंभर वर्षांपूर्वीच सांगून झाले आहे. त्याने ऐकले नाही, म्हणून शिकवणी चालू आहे.

आता प्रत्यक्ष स्विंग. त्याचा गाभा क्रमात आहे. काठी वर नेताना खांदे साधारण नव्वद अंश वळतात आणि कंबर पंचेचाळीसच्या आसपास. या दोन वळणांमधल्या फरकाला प्रशिक्षक जिम मॅक्लीन याने 1992 मध्ये ‘एक्स-फॅक्टर’ असे नाव दिले आणि तेव्हापासून पोट सुटलेली मंडळी तो फरक वाढवण्याच्या नादात कमरेत उसण भरून घेत आली आहेत. खाली येताना सुरुवात कमरेने होते. मग छाती, मग हात आणि सर्वांत शेवटी काठी. प्रत्येक भाग आपला कमाल वेग गाठतो आणि मंदावतो. तो मंदावतो तेव्हा त्याचा वेग पुढच्याकडे जातो. जड भागाने हलक्या भागाला दिलेली ही चाल शेवटच्या टोकाला इतकी वाढते की व्यावसायिक खेळाडूच्या लांब काठीचे तोंड ताशी 180 किलोमीटरच्या आसपास धावते. नवशिक्याचा क्रम नेमका उलटा असतो. आधी हात सुटतात, मग खांदे चकित होऊन मागोमाग निघतात, आणि कमरेला बातमी कळते तोवर चेंडू झाडीत गेलेला असतो.

कोयत्यालाही हाच क्रम लागू आहे. फडात पहिल्यांदा उतरलेला पोरगा नुसत्या मनगटाने घाव घालतो. दुपारपर्यंत त्याचा हात सुजतो आणि उसाच्या बुडाला चिंध्या होतात. मुरलेली बाई डाव्या हातात ऊस धरून ताणते, कमरेतून आणि खांद्यातून वजन आणते आणि मनगट शेवटी सोडते. घाव तिरपा आणि एकच. ताणलेल्या देठावर तिरपे पाते कमी जोरात उतरते, हे यांत्रिकीच्या पुस्तकात आहे आणि तिच्या हातातही आहे. मनगट उशिरा सोडण्याचे महत्त्व गोल्फवाल्यांना ॲलस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्ज यांच्या 1968 च्या ग्रंथाने गणितासह पटवून दिले. हात हा एक लंबक, त्याला मनगटाशी जोडलेली काठी हा दुसरा. पहिला पुढे निघून गेल्यावर दुसरा आपोआप उलगडला तरच वेग मिळतो. लवकर उलगडला तर नुसता वारा येतो. वडवणीकडच्या बाईला लंबकाची व्याख्या विचारली तर ती सांगणार नाही, पण ग्रंथकर्त्यांना एक सरी तोडायला दिली असती तर त्यांनीही पुढचे प्रकरण लिहिले नसते.

फरक आहे तो उंचीचा. गोल्फपटू चेंडूपुढे कमरेतून थोडासा वाकतो, काही सेकंद तसाच राहतो आणि फटका मारून झाला की सरळ उभा राहून दूरवर पाहतो. हे दूरवर पाहणे छायाचित्रांत फार चांगले दिसते. तोडणीवाल्याला घाव जमिनीलगतच घालावा लागतो. उसाच्या बुडाकडच्या कांड्यांत साखर सर्वांत जास्त असते, आणि बुडखा उंच राहिला तर खोडवाही नीट फुटत नाही. म्हणून कारखाना, शेतकरी आणि मुकादम या तिघांचे क्वचित होणारे एकमत पाठीच्या मणक्यावर होते. घाव चार बोटे खाली गेला की पाते मातीत किंवा दगडावर बसते. मग कानस काढून धार लावायची. गोल्फमध्ये काठीने जमीन खोदली गेली तर उडालेला गवताचा तुकडा परत जागेवर बसवणे हा शिष्टाचार मानतात.

ताल हा वेगळा विषय आहे आणि त्यात पैसा पुष्कळ आहे. काठी मागे न्यायला साधारण पाऊण सेकंद आणि खाली आणायला पाव सेकंद, असे तीनास एक प्रमाण अव्वल खेळाडूंत सापडते. हे प्रमाण घोकवणारी यंत्रे, कानात टिकटिकणारे ठोके आणि ॲप विकत मिळतात. पायांखाली बलमापक पाट्या ठेवल्या की खेळाडू जमिनीला किती रेटा देतो आणि वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर कधी नेतो हे कळते. अंगावर चकचकीत ठिपके चिकटवून भोवती कॅमेरे लावले, तर पडद्यावर त्याचा सांगाडा नाचताना दिसतो. बहुतेकांना आपला सांगाडा आपल्यापेक्षा बराच सडपातळ वाटतो आणि शिकवणीची निम्मी फी तिथेच वसूल होते. कमरेला आणि मनगटाला बांधायचे छोटे सेन्सर त्याहून स्वस्त पडतात. सर्वांत मोठी उलथापालथ रडारने केली. तोफगोळ्यांचा माग काढणाऱ्या तंत्रातली डॉपलर विद्या 2003 मध्ये स्थापन झालेल्या डेन्मार्कच्या ट्रॅकमन कंपनीने गोल्फच्या चेंडूमागे लावली. कित्येक वर्षे पुस्तके सांगत होती की चेंडू काठीच्या वाटेने निघतो. मोजल्यावर दिसले की तो मुख्यतः काठीच्या तोंडाच्या दिशेने निघतो आणि वाट व तोंड यांतल्या फरकामुळे पुढे वळतो. चुकीच्या सल्ल्यावर खेळाडूंच्या पिढ्या गेल्या होत्या. फीचा परतावा कोणी मागितल्याचे ऐकिवात नाही.

आकडे हाती आले की सुधारणा होते, हा समज मात्र तपासून घ्यावा. पडद्यावर कमरेचा वेग, छातीचा वेग, तोंडाचा कोन, चढणीचा कोन, फिरकी आणि चेंडूचा वेग भागिले काठीचा वेग असे सगळे एकदम झळकते. शेवटचा आकडा दीडच्या आसपास आला तर उत्तम. माणूस काठी वर नेतो तेव्हा त्याच्या डोक्यात हे सगळे असते आणि खाली आणायला वेळ असतो पाव सेकंद. एवढ्या वेळात एका गोष्टीचीही नीट दुरुस्ती होत नाही. गाब्रिएला वुल्फ आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये नवशिक्या गोल्फपटूंवर केलेल्या प्रयोगात हातांच्या हालचालीकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा काठीच्या झोक्याकडे लक्ष देणारे सरस ठरले. आकडे शिकवणाऱ्याने पाहावेत. मारणाऱ्याला एकच गोष्ट सांगावी, तीही शरीराबाहेरची. आकड्यांच्या भक्तांना जिम फ्युरिक या अमेरिकन खेळाडूचेही नाव सांगावे लागते. त्याची काठी हवेत असे काही वळसे घेत खाली येते की कोणताही प्रशिक्षक ती पाहून फी दुप्पट करील. पीजीए टूरवरचा सर्वांत कमी, 58 फटक्यांचा डाव त्यानेच 2016 मध्ये खेळला. वळसे कितीही असोत, चेंडूला टेकण्याच्या क्षणी काठीचे तोंड सरळ असते. बर्नस्टाइनला हे पाहून आनंद झाला असता.

दुखण्याच्या बाबतीत दोन्ही स्विंग पुन्हा एकत्र येतात. व्यावसायिक गोल्फपटूंमध्ये कंबरदुखी ही सर्वांत जास्त आढळणारी तक्रार आहे. वळण आणि बाजूला झुकणे एकाच वेळी घडले की मणक्यांच्या खालच्या सांध्यांवर ताण येतो. टायगर वुड्सला 2017 मध्ये मणके जोडण्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली आणि 2019 मध्ये तो पुन्हा मास्टर्स जिंकला. या दोन तारखांच्या मध्ये शल्यचिकित्सक, व्यायामतज्ज्ञ आणि विश्रांती होती. फडातल्या कमरेला यांपैकी काही मिळत नाही. तिथे अंग दुखून एक दिवस बसले तर त्या दिवसाचा खाडा उलट उचलीत चढतो. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली, तीही टनावर. कमरेच्या अंशांवर दर देण्याची पद्धत साखर उद्योगात अजून आलेली नाही. ऊसतोडणी यंत्र घ्यायला मात्र सरकारने 2023 मध्ये 35 लाखांपर्यंत अनुदान देऊ केले. यंत्राच्या बुडाशी फिरत्या चकत्या असतात. त्यांना एक्स-फॅक्टर नसतो आणि त्या दुखत नाहीत.

स्विंग सुधारू पाहणाऱ्या वाचकाने महागडे सेन्सर मागवण्याआधी मोबाइल तिवईवर लावून समोरून आणि मागून संथ गतीचे चित्रण करावे. कंबर आधी निघते की हात, एवढे त्यात दिसते, आणि बहुतेकांची पहिली दुरुस्ती तिथेच आहे. कोयत्याचा स्विंग मोजण्याची इच्छा कोणा अभ्यासकाला झाली, तर त्याने हंगामात सेन्सर घेऊन फडावर जरूर यावे. ज्यांच्या अंगावर तो बांधायचा त्यांचा त्या दिवसाचा खाडा मात्र आधी मुकादमाकडे भरावा.