ॲव्हरेज किती देतो?

आमच्या खामगावात कुठलीही नवी वस्तू दाखवा, पहिला प्रश्न ठरलेला: ॲव्हरेज किती? गाडीपुरतं ठीक आहे. मी मात्र तोच प्रश्न जुन्या गेमच्या हौशी इंजिनांना विचारत बसतो, आणि घरचे हळूच माझ्या कपाळाला हात लावून बघतात. पण मे महिन्यात घाटाखाली राहून बघा. पारा पंचेचाळिशीला टेकला की कुठला गेम लॅपटॉप किती तापवतो, हा थेट प्रकृतीचा विषय होतो.

'डूम' घ्या. 1993 चा गेम, 386 प्रोसेसर आणि 4 एमबी रॅमवर धावायचा. 1997 मध्ये आयडी सॉफ्टवेअरने त्याचा सोर्स कोड खुला केला आणि जगभरच्या हौशी मंडळींनी आपापली इंजिनं बांधली. त्यातलं 'चॉकलेट डूम' माझं लाडकं. सेकंदाला 35 फ्रेम, चित्र मूळचंच 320 बाय 200. वर एक फ्रेम मागाल तर मिळणार नाही. टास्क मॅनेजरमध्ये त्याला शोधावं लागतं. मूळ गेम जिथे मान टाकायचा तिथे हाही टाकतो, तेही ठरवून. 'जीझेडडूम'चा थाट निराळा: ग्राफिक्स कार्ड, रंगीत उजेड, सावल्या. राक्षस तेच, बंदूक तीच, पण पंखा असा सुटतो की आई स्वयंपाकघरातून ओरडते, "काहून एवढं घरघरते रे ते? बंद कर बापा, फुटन ना!"

तरी डूम परवडला. खरा खादाड 'ओपनटीटीडी'. ख्रिस सॉयरने 1994 मध्ये 'ट्रान्सपोर्ट टायकून' जवळपास सगळा असेम्ब्लीत लिहिला, बाइटन् बाइट वाचवून. पुढच्या वर्षीच्या 'डिलक्स' आवृत्तीवर हौशी लोकांनी 2004 मध्ये ओपनटीटीडी उभा केला. मूळ नकाशा 256 बाय 256 चौकोनांचा. इथे 4096 बाय 4096 पर्यंत मुभा. एका चौकोनाला 12 बाइट, म्हणजे एक रूळ पडायच्या आधी नुसती जमीनच 200 एमबी अडवून बसते. भूसंपादन महाग असतं, ते इथेही कळतं.

आता बुलढाणा जिल्ह्यातला माणूस रेल्वेचा गेम खेळणार म्हटल्यावर बांधणार काय? खामगाव–जालना! 1870 मध्ये इंग्रजांनी कापसासाठी जालंबहून खामगावला फाटा काढला, आणि पुढच्या मार्गाची मागणी त्यांच्याच काळापासून चालू आहे. जिल्ह्याच्या ठिकाणाला, खुद्द बुलढाण्याला, रेल्वे नाही. मी उंचसखलपणाचा करडा नकाशा गेममध्ये चढवला, घाट उभा राहिला, आणि देऊळगाव राजा, चिखली करत एका बैठकीत रूळ खामगावात आणले. हवामान उष्ण निवडलं, तर गेमने कापूस दिलाच नाही. खामगावाशेजारी रबराची बाग उगवली. एक गोष्ट मात्र हुबेहूब: वाळवंटातल्या गावांना बाहेरून पाणी पोचवल्याशिवाय ती वाढत नाहीत. टँकरचा ताफा मी डोळे झाकून उभा केला, सवय आहे.

मग हौसेने प्रवाशांना ठरावीक मुक्काम देणारी सोय चालू केली. तिथे प्रोसेसर घायकुतीला आला. कोण कुठून कुठे जाणार याचा हिशेब इंजिन सतत करतं, आणि तो वेळेत झाला नाही तर गेमच थांबून वाट बघतो. शेगाव स्टेशन टाकलं मात्र, सगळ्या नकाशाला गजानन महाराज आठवले. गाड्या रखडल्या, टास्क मॅनेजर मात्र म्हणतो, वापर फक्त 25 टक्के! कारण गेमचा मुख्य गाडा एकाच कोअरवर. चारपैकी एक घाम गाळतोय, तिघं बघत बसलेत.

शेजारचे काका हे सगळं खुर्ची ओढून बघत होते. म्हणाले, "आमच्या गावाले बी एक थांबा दे ना बापा."

मी समजावलं, "काका, एक स्टेशन वाढलं की हिशेब वाढतो. प्रोसेसरला झेपत नाही."

"पण पाहणी तर कर!"

"केली. तांत्रिक अडचण आहे."

काकांनी थोडा विचार केला. "बरं," ते उठत म्हणाले, "निवेदन कोणाच्या नावानं लिहू, तेवढं सांग. आन् एक्स्प्रेस बी थांबली पायजे."