भुंगेऱ्याची गुणवत्ता

संशोधकाची थोरवी मोजण्यासाठी हॉर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली सुचवलेला एच-निर्देशांक, म्हणजे ज्याच्या किमान १० शोधनिबंधांचा प्रत्येकी किमान १० वेळा संदर्भ घेतला गेला त्याला १० गुण देणारा हिशोब, कीटकशास्त्राला लाभलेले वरदानच म्हटले पाहिजे. नव्या भुंगेऱ्याचे वर्णन व नामकरण करणारा वर्गीकरणतज्ज्ञ त्यात सहसा तळाशी राहतो, कारण त्याने दिलेले नाव सगळे वापरतात, मूळ निबंध मात्र संदर्भसूचीत क्वचितच येतो. हीच शिस्त कीटकांनाही लावावी. समाजमाध्यमांवर ज्याला पुरेशी पसंती नाही, त्या किड्याने परागीभवन तूर्त थांबवून आधी आपले छायाचित्र सुधारावे. युरोपीय मधमाशीला १७५८ साली शास्त्रीय नाव देणाऱ्या लिनियसचाही बढतीसाठी अवश्य विचार होईल, फक्त अर्जासोबत गेल्या ५ वर्षांतीलच प्रकाशने जोडावीत.