पसंतीक्रम दहा, पोरीचा अकरावा

दहावीचा निकाल लागला की कोल्हापुरात दोन गोष्टींची आवक एकदम वाढते : पेढे आणि सल्ले. पेढे संध्याकाळपर्यंत संपतात. सल्ले पोरगं बारावी होईपर्यंत पुरतात आणि त्यातूनही उरले तर धाकट्या भावंडाला होतात.

2025 साली 13 मे रोजी निकाल लागला. राज्यात 94.10 टक्के पोरं पास झाली, 211 जणांना तर पैकीच्या पैकी मिळाले. शंभर टक्के मिळवलेल्या पोराला ‘कुठं कमी पडलास?’ असं विचारता येत नाही, म्हणून पाहुणे थेट ‘पुढं काय?’वर येतात. खरी परीक्षा इथून सुरू होते आणि तिला घरातला प्रत्येक जण बसतो. ज्याचा निकाल लागलाय, त्याला तेवढं हॉलतिकीट मिळत नाही.

त्याच वर्षी शासनानं अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन केला. कोल्हापूर शहराला केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची सवय होती. गावाकडची रीत मात्र तोवर सोपी होती. पोराला मोटारसायकलवर मागं बसवायचं, कॉलेजच्या ऑफिसात जायचं आणि ‘आमचंच पोरगं हाय, बघा जरा’ एवढं म्हणायचं. आता संगणकापुढं बसल्यावर लक्षात आलं की ‘आमचंच पोरगं’ हा रकाना फॉर्ममध्ये ठेवलेलाच नाही. त्यात 21 मेला संकेतस्थळ उघडलं आणि उघडल्या उघडल्या आडवं झालं. ते पुन्हा उठलं 26 मेला. मधल्या दिवसांत विद्यार्थ्यांचा जीव टांगणीला लागला, पण सल्लागारांना आयतीच मुदतवाढ मिळाली.

या फॉर्मचे भाग दोन. पहिल्यात नाव, गाव, गुण. दुसऱ्यात कॉलेजांचा पसंतीक्रम : कमीत कमी 1, जास्तीत जास्त 10. हा दहाचा आकडा ठरवणाऱ्या अधिकाऱ्यानं कोल्हापुरातलं एकत्र कुटुंब जवळून पाहिलेलं असणार. आमच्या गल्लीतल्या आण्णांच्या घरात तो बरोब्बर बसला.

आण्णांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. पोरीला एक्क्याण्णव टक्के पडले आणि रविवारी सकाळी त्यांच्या सोप्यात सर्वपक्षीय बैठक भरली. अध्यक्षस्थानी आजोबा. त्यांचा पहिला आणि शेवटचा शब्द राजाराम कॉलेज. ‘‘1880 सालचं कॉलेज हाय. गोपाळ कृष्ण गोखले शिकलेत तिथं!’’ गोखले पुढं मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये गेले, हा भाग आजोबा दर वेळी चहाच्या घोटाबरोबर गिळतात.

काका पाटाकडील तालमीच्या फुटबॉल संघाचे कट्टर समर्थक. त्यांचा निकष स्वच्छ : ज्या कॉलेजची फुटबॉल टीम चांगली, ते कॉलेज चांगलं. पोरगी फुटबॉल खेळत नाही, हे कुणीतरी निदर्शनास आणून दिलं. ‘‘मग काय झालं? मॅच बघाया तर जाईल?’’ काकांनी आक्षेप गोलपोस्टबाहेर काढला. मामींनी कमला कॉलेज सुचवलं. कारण ते मुलींचं, आणि मुलींच्या कॉलेजातली पोरगी वेळेत घरी येते, असा त्यांचा अनुभव. आत्याची लेक ज्या कॉलेजात होती, तिथूनच तिला चांगलं स्थळ आलं होतं, म्हणून आत्याची पसंती तिथं. मामा पुण्याहून फोनवर होते. त्यांना पुण्याबाहेर कॉलेजं असतात हेच ठाऊक नाही. शेजारचे तात्या लातूर पॅटर्नवर बोलले. लातूरला ते एकदाच गेलेत, तेही लग्नाला. आईनं घराजवळचं कॉलेज सुचवलं, म्हणजे डबा गरम जाईल. आण्णांनी ज्या कॉलेजचं नाव घेतलं त्याचं कारण सगळ्यांत भक्कम निघालं : ‘‘तिथला शिपाई आपल्या वळखीचा हाय.’’

कुणी कुठल्या कॉलेजात शिकवणारे किती आहेत, प्रयोगशाळेत उपकरणं आहेत की नुसती कपाटं, तास खरंच होतात का, असलं काही विचारलं नाही. विचारणं बरं दिसत नाही. पायातली कोल्हापुरी चप्पल घेताना आपण ती वाकवून, उलटी करून, चालून बघतो आणि पोराचं कॉलेज फलक बघून घेतो.

मग पोरगीच म्हणाली, ‘‘मी पॉलिटेक्निकला जातो. मेकॅनिकलला.’’

सोप्यात शांतता पसरली. ती भंगली आण्णांच्या आवाजानं. ‘‘घरात लोखंड कमी पडलं काय गं? पोरीच्या जातीनं हात काळं करायचं?’’ ज्या काळ्या हातांवर ते घर उभं राहिलं, दहावीच्या क्लासची फी भरली गेली आणि आजच्या मिसळीचे पैसे दिले गेले, तेच हात आण्णा तेव्हा नाचवत होते. पोरीनं एका दमात सांगितलं : आपल्याच गावात शासकीय तंत्रनिकेतन आहे, दहावीनंतर तीन वर्षं, पुढं शिकायचं तर इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. एवढ्यात मिसळ आली. कट तिखट होता, त्यामुळं पुढचा विचार कुणाच्या डोक्यात शिरला नाही. दहाच्या दहा रकाने भरले. पोरीची पसंती अकरावी ठरली आणि अकराव्या पसंतीला फॉर्मात जागा नाही.

पहिल्या क्रमांकावर बसलं चुलत भावानं सुचवलेलं कॉलेज. सुचवताना त्यानं एकच शब्द उच्चारला, आणि त्यापुढं आजोबांचे गोखलेसुद्धा मागं सरले. तो शब्द म्हणजे ‘इंटिग्रेटेड’.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी जरा इस्कटून सांगतो. पोराचं नाव एका कॉलेजात घालायचं. पोराला बसवायचं दुसरीकडं, अकॅडमीत. कॉलेजात हजेरी लागते, पोरगं लागत नाही. बारावीच्या परीक्षेला बसायला 75 टक्के उपस्थिती लागते असा मंडळाचा नियम आहे आणि तो या व्यवस्थेत शंभर टक्के पाळला जातो, कागदावर. कॉलेज जितकं लांब आणि जितकं आडवाटेला, तितकं सोयीचं, कारण तिथं कुणी चुकूनही डोकावत नाही. अकॅडमीच्या फलकावर डॉक्टर-इंजिनिअर होणाऱ्या पोरांचे फोटो असतात. कॉलेजच्या फलकावर संस्थापकांचा. दोन्ही ठिकाणी फी भरली जाते. एकीकडं शिकण्याची, दुसरीकडं न येण्याची.

याच जागांसाठी पॉइंट एक-दोन टक्क्यांवरून घरोघरी रडारड होते. आता थोडा हिशोब मांडतो, तो जीवाला लावून घेऊ नका. त्या वर्षी राज्यात नियमित विद्यार्थ्यांपैकी 14 लाख 55 हजारांच्या घरात पास झाले. अकरावीच्या जागा होत्या 21 लाखांवर. म्हणजे पास झालेलं एकूण एक पोरगं अकरावीला गेलं असतं, कुणी आयटीआयला नाही, डिप्लोमाला नाही, तरी सहा लाखांवर बाकं मोकळीच राहिली असती. त्यात भरलेल्या बाकांवरचीही पोरं अकॅडमीत. अन्नधान्याचा तुटवडा असतो तेव्हा लोक रांगा लावतात, हे ऐकलं होतं. सुकाळात चेंगराचेंगरी करण्याचा मान मात्र शिक्षणानं मिळवला.

जूनच्या अखेरीस पहिली यादी लागली. राज्यात 6 लाख 32 हजार जणांना कॉलेज मिळालं, त्यातल्या 4 लाख 57 हजारांना पहिल्याच पसंतीचं. आण्णांची पोरगी त्यांत होती. मोबाइलवर संदेश आला आणि तासाभरात गल्लीच्या तोंडाला फलक लागला : ‘पहिल्याच फेरीत पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळविल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ फलकावर मोठे फोटो तालमीच्या आधारस्तंभांचे, मधले फोटो मार्गदर्शकांचे, तळाला डाव्या कोपऱ्यात पोरीचा, तोही दहावीच्या ओळखपत्रावरचा. आण्णांनी पेढे वाटले. आजोबांनी गोखल्यांना माफ केलं. काकांनी कॉलेजच्या फुटबॉल टीमची चौकशी केली. ती टीम नव्हती, कारण खेळायला पोरंच नव्हती.

एवढं सगळं झालं. फक्त प्रवेश घ्यायचा राहिला.

गल्लीची समजूत अशी की यादीत नाव आलं म्हणजे प्रवेश झाला. लग्नाची पत्रिका छापली म्हणजे लग्न लागलं, असं मात्र हीच गल्ली मानत नाही. पोर्टलवर जाऊन प्रवेश घेतोय असं कळवायचं, मग मूळ कागद घेऊन मुदतीत कॉलेजात हजर व्हायचं, फी भरायची आणि कॉलेजनं प्रवेश निश्चित केल्याची पावती हातात घ्यायची, इथवर आल्याशिवाय काही झालेलं नसतं. शिवाय नियमात एक मेख होती : पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ते घ्यावंच लागतं. घेतलं नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. ही ओळ सूचनांमध्ये छापलेली होती. पण घरातल्या दहा सल्लागारांपैकी प्रत्येकाला खात्री होती की ती उरलेल्या नवांनी वाचली असेल.

मुदत आठवडाभराची. पहिला दिवस पेढ्यांत गेला, दुसरा फलकात. तिसऱ्या दिवशी कळलं की नॉन-क्रिमीलेयर दाखला काढायचाच आहे आणि उत्पन्नाचा जुना झालाय. सेतू केंद्रात गेलं तर अख्खा तालुका तिथं उभा. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत झेरॉक्स, झेरॉक्सवर दुसऱ्याच कागदाची झेरॉक्स. खिडकीतला माणूस ‘सर्व्हर डाऊन हाय’ एवढंच बोलतो आणि पुन्हा चहाकडं वळतो. ‘‘आपला माणूस हाय आत,’’ म्हणत आण्णा तीनदा आत गेले आणि तीनदा त्याच दारानं बाहेर आले, कारण आतल्या माणसाचाही माणूस सर्व्हरमध्ये नव्हता. मधे रविवार आला. शाळेतून दाखला आणायचा कुणी, यावर काका आणि मामांत फोनवर वाजलं. सगळे कागद गोळा करून आण्णा रिक्षानं कॉलेजच्या दारात पोचले तेव्हा मुदत आदल्या संध्याकाळी संपली होती. इथला शिपाई ओळखीचा नव्हता. तरी त्यानं पाणी दिलं.

आता घरात दुसरी बैठक. अध्यक्षस्थान रिकामं. आजोबा देवघरात, काका मॅचला, मामांचा फोन ‘आवाक्याच्या बाहेर’. सल्ला देताना दहा जण असतात आणि निस्तरताना एकटी आई, हा कोल्हापुरापुरता नियम नसावा.

पोरीनं आतून फाइल आणली. तिनं सेतूतले सगळे दाखले परीक्षेनंतर, एप्रिलमध्येच, स्वतः काढून ठेवले होते. तेव्हा सेतूत रांग नव्हती. नॉन-क्रिमीलेयरसुद्धा फाइलीतच होता. ‘‘मग बोलली का न्हाईस?’’ आण्णा ओरडले. ‘‘मला कुणी विचारलं कुठं?’’ ती म्हणाली. फाइलीत आणखी एक कागद होता : पॉलिटेक्निकचा अर्ज भरल्याची पावती. वर्गखोल्या, वर्कशॉप, तिथल्या लेथ मशिनी ती मैत्रिणीबरोबर जाऊन बघून आली होती. एक लेथ वडिलांच्या लेथपेक्षा जुनी आहे, हेही तिनं नमूद केलं. यथावकाश तिला तिथं मेकॅनिकलला जागा मिळाली, ती मुदतीत गेली, फी भरली, पावती घेतली आणि दुसऱ्या दिवशी तासाला बसली. गल्लीच्या तोंडाला नवा फलक लागला. आण्णा आता सांगत फिरतात, ‘‘आम्हीच पाठवली. पोरीच्या जातीनं टेक्निकल शिकावं, या मताचे आम्ही पहिल्यापासनं!’’

हे सगळं ज्या शहरात घडतं, त्याची एक जुनी ओळख आहे. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात. 1901 साली राजर्षी शाहू महाराजांनी मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि मग एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. दसरा चौकातून जाताना त्यांच्या पाट्या आजही दिसतात. खेड्यातल्या पोरानं शहरात येऊन राहावं आणि खऱ्याखुऱ्या वर्गात बसावं, यासाठी तो खटाटोप होता. आपण तो उलटा करून दाखवला : पोरगं शहरात, नाव खेड्यातल्या कॉलेजात, वर्ग रिकामा.

महाराज एवढ्यावर थांबले नाहीत. 1917 साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. तेव्हाचा पालक तो रुपया वाचवण्यासाठी पोराला शाळेत धाडायचा. आजचा पालक पोरानं कॉलेजात जाऊ नये म्हणून लाखाच्या घरात पैसे मोजतो आणि वर पावती जपून ठेवतो. तो एक रुपया आजच्या भावानं वसूल करायचा ठरवला, तर जिल्ह्यातल्या सगळ्या कॉलेजांच्या प्रयोगशाळा नव्या होतील.

तेव्हा पालकहो, येत्या निकालाआधी एवढं करा. दाखले एप्रिलमध्ये काढा. कॉलेज सुट्टीत नव्हे, तास चालू असताना बघून या. सूचनापत्रिका शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि पहिला क्रमांक त्याच कॉलेजला द्या जिथं पोरगं खरोखर जाणार आहे. यादीत नाव आल्यावर पेढे दुसऱ्या दिवशी वाटा, आधी फी भरून पावती घ्या. आणि फॉर्म भरताना माउस पोराच्या हातात द्या. तुम्ही मिसळ खा.