ओळंबेकाका

आमच्या आळीत त्यांना ओळंबेकाका म्हणतात. खरं आडनाव आता फक्त गॅसच्या पुस्तकावर उरलंय. कुणाचा खांदा पडलाय, कुणाची मान पुढे आलीय, कुणाचा सगळा भार डाव्या टाचेवर आहे, हे काका चालत्या रिक्षातून सांगतात.

हा उद्योग निवृत्तीनंतरचा. त्याआधी सगळी नोकरी धाटावच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, क्वालिटी कंट्रोलला. पेणहून सकाळची गाडी. कासू, नागोठणं, रोहा. ड्रममधून नमुना काढायचा, तपासायचा आणि नापास करायचा. (पास करण्यात त्यांना कधी गोडी वाटली नाही.) निवृत्तीनंतर नापास करायला काकूंच्या भाकऱ्या तेवढ्या उरल्या, आणि त्या प्रकरणाचा निकाल काकूंनी आठवड्याभरात लावला. मग काकांची कंबर धरली.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं. सुनेनं मात्र परस्पर नाचाच्या वर्गात नाव घातलं. पुण्यात शिकून आलेली एक मुलगी पेणमध्ये सोमॅटिक डान्स शिकवते. काकूंनी ‘रोमँटिक’ ऐकलं आणि ‘मीही येते’ म्हणाल्या.

या नाचात सुरुवातीला नाच नसतोच. जमिनीवर उताणं पडायचं. कुठली टाच जड लागते, कमरेखाली किती पोकळी राहते, श्वास पाठीपर्यंत पोचतो का, हे डोळे मिटून आतून बघायचं. मग कुशीवर वळून, हाताचा रेटा देत सावकाश उठायचं. टाच, अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ असे पावलाचे तीन टेकू जमिनीला लागतायत ना, ते चाचपत चालायचं आणि चालता चालता शरीर ओढेल तिकडे जायचं. काकूंचं शरीर पहिल्याच दिवशी खिडकीकडे गेलं. काकांचं जागचं हललं नाही, कारण त्यांचा एक डोळा उघडा होता आणि त्या डोळ्याने ते बाकीच्यांच्या टाचा तपासत होते.

‘‘काका, दुसऱ्यांकडे नको, आत बघा,’’ बाई म्हणायच्या.

‘‘आत काय, मी घरी गेल्यावरही बघीन. हे लोक निघून जातील ना!’’

बाईंनी एकदा फ्रेडरिक अलेक्झांडरची हकिकत सांगितली. हा ऑस्ट्रेलियातला नट. रंगमंचावर त्याचा आवाज बसायचा आणि डॉक्टरांना कारण सापडेना. त्याने आरशासमोर बोलून पाहिलं, तर तोंड उघडताच मान मागे खेचली जात होती. त्याहून मजा म्हणजे ‘आता सुधारली’ असं त्याला वाटायचं, तेव्हाही आरशात मान मागेच! शरीर कुठे आहे याचा आपला अंदाजच चुकतो, हे बाईंना सांगायचं होतं. काकांनी त्यातून एवढंच उचललं की माणसाला स्वतःचं कळत नाही, तेव्हा दुसऱ्याने सांगावं लागतं. आणि ते सांगत सुटले.

पापड लाटणाऱ्या बायकांना त्यांनी ‘मनगटातून नको, पाठीतून लाटा’ असं सांगितलं. एकीने लाटणं उचललं, तसे ते पाठीतूनच मागे सरले. दसऱ्यानंतर रोह्याला धावीर महाराजांची पालखी निघते, तिला पोलिसांची सशस्त्र मानवंदना असते. सगळे हात जोडून उभे होते. काकाही होते. हात न सोडता माझ्या कानाशी लागले, ‘‘डावीकडून तिसरा. गुडघे लॉक केलेत. चक्कर येईल त्याला.’’ आता गुडघे आवळून बराच वेळ उभं राहिलं तर चक्कर येऊ शकते, हे खरंच आहे. काकांचं सगळंच चुकत असतं तर त्यांना टाळणं सोपं गेलं असतं.

त्यांना भेटला तो हमरापूरचा एक मूर्तिकार. कारखान्यात ओळीने गणपती बसलेले आणि हा वाकून एका मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होता. काका म्हणाले, ‘‘पाठ सरळ ठेवा.’’ त्याने आधी डोळा पुरा केला, ब्रश वाटीत ठेवला आणि काकांना किरीटापासून पाटापर्यंत न्याहाळलं.

‘‘काका, तुमचा उजवा खांदा बोटभर खाली आहे. साच्यातनं अशी मूर्ती निघाली तर आम्ही परत माती करतो.’’

‘‘मोजून दाखवा.’’ काकांमधला इन्स्पेक्टर जागा झाला.

त्याने दोऱ्याला शाडूचा गोळा लावला, काकांना भिंतीशी उभं केलं आणि दोरा हनुवटीसमोर धरला. पोरं कामं सोडून जमली. बोटभर म्हणजे बोटभरच. त्या खांद्यावर धाटावच्या सगळ्या वर्षांची डब्याची पिशवी लटकली होती. काकांचं नाव पडलं ते त्या दिवशी.

पुढच्या वर्गाला त्यांनी प्रथमच दोन्ही डोळे मिटले, असं काकू सांगतात. टाचा झाल्या, कंबर झाली, श्वास पाठीत पोचेपर्यंत काका घोरायला लागले. बाईंनी उठवलं नाही. वर्ग सुटल्यावर जागे झाले, कुशीवर वळून शिस्तीत उठले आणि बाईंना म्हणाले, ‘‘आज बॅच चांगली होती. कुणाचीच चूक दिसली नाही.’’