डावं पेडल

पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे, ते एका अर्थी अजूनही खरं आहे. सायकली कुठे गेलेल्या नाहीत. रस्त्यावरून उठून सोसायट्यांच्या जिन्याखाली जाऊन बसल्या आहेत एवढंच. आमच्या जिन्याखालची गिअरवाली माउंटन बाइक चिरंजीवांनी दहावीच्या टक्क्यांपोटी वसूल केलेली. तिनं जन्मात पाहिलेला सर्वांत मोठा डोंगर म्हणजे गणेशखिंडीचा रस्ता, तोही उतरताना. चिरंजीव नोकरीसाठी बंगळूरला गेले आणि तिच्या हँडलवर पायपुसणी वाळू लागली. मग सेक्रेटरींची नोटीस आली: ‘बेवारस वाहने आठ दिवसांत हलवावीत.’ बेवारस? वारस बंगळूरला असेल, पण त्याचा बाप इथे पार्किंगमध्ये धडधाकट उभा होता!

“अहो, उगाच पैसे ओतू नका तिच्यात,” ही म्हणाली.

“हजारात रस्त्यावर आणतो,” मी म्हणालो.

“कुणाला?” असं तिनं विचारलं, पण मी ऐकलं नाही.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं सायकलीकडे न बघताच निदान केलं, “काका, गिअर काढून टाकू. सिंगल करून देतो, कटकटच नको.” आपल्याकडे गिअरच्या सायकलीवर हाच रामबाण उपाय आहे. डोकं दुखतंय ना, मग डोकंच उतरवू.

वास्तविक माउंटन बाइक या जातीचा जन्मच भंगारातला. 1970च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीतल्या काही उनाड मंडळींनी तीस-चाळीस वर्षं जुन्या, जाड टायरच्या श्विन सायकली पैदा केल्या आणि त्यांवर बसून डोंगरावरून स्वतःला खाली सोडून दिलं. 1976 साली त्यांनी चक्क शर्यत लावली. उतार असा, की मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून धूर निघायचा आणि खाली पोचल्यावर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. खास या कामासाठीच्या नव्याकोऱ्या फ्रेमी नंतर आल्या. हे सगळं मी मेकॅनिकला सविस्तर सांगितलं. त्यानं हातातलं पंक्चर पुरतं काढलं आणि म्हणाला, “मग काका, तिकडेच पाठवून द्या की.”

तेव्हा पार्किंगमध्येच बैठक मारली. हँडलच्या क्रोमवरचा गंज व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या अॅल्युमिनियम फॉइलनं सुटतो. फॉइल क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा उठत नाही. फॉइल डब्यातल्या पोळ्यांची, म्हणजे फुकट. व्हिनेगर घरातलं, म्हणजे तेही फुकट; फक्त त्या रविवारी मंचुरियन झालं नाही. मागच्या गिअरला दोन चिमुकले स्क्रू असतात, एच आणि एल. एच साखळीला फ्रेमच्या बाजूला पडू देत नाही, एल तिला आऱ्यांत घुसू देत नाही. ते अर्धा-पाव आटा फिरवून जमवले, की वरच्या मजल्यावरचे अण्णा खाली येत आणि “बघू, काय आहे ते” म्हणून पुन्हा पिळून जात.

डाव्या पेडलपाशी तर अख्खी सोसायटी जमली. त्याची फळी तुटून नुसती दांडी उरली होती. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे मी सांगत होतो. पण पुण्यात पान्हा ज्याच्या हाती, त्याला सांगणार कोण? प्रत्येकानं आळीपाळीनं जोर लावून ते आणखी घट्ट केलं आणि “जाम आहे हो” असा अहवाल दिला. अखेर सगळे जेवायला गेल्यावर ते सुटलं.

आता हिशेब. मागचा टायर 350, दोन ट्यूब 260, साखळी 180, ब्रेकच्या केबली 80, ब्रेक शू 80. एकूण 950. उरले 50. आणि पेडलची जोडी 150 रुपयांना. “एकच द्या,” म्हटलं, तर दुकानदारानं चपलेचा एकच पाय मागितल्यासारखं पाहिलं.

मग रविवारी जुना बाजार गाठला. तिथे सुटी पेडलं ढिगानं होती, पण सगळी उजवी! त्यामागचं शास्त्र मला तिथेच उमगलं. सायकलीचं स्टँड डावीकडे, म्हणून सायकल कलते डावीकडे, पडते डावीकडे आणि मोडतं ते डावं पेडल. उजवी पेडलं मालकाच्या पश्चातही सुखात नांदतात.

तेव्हा वाचकहो, तुमच्या जिन्याखाली अशी एखादी पडून असेल तर जरा वाकून तिचं डावं पेडल बघा. आटा 9/16 इंचाचा हवा. धड असेल तर कळवा, पन्नास रुपये रोख देईन. एक्कावन्न मागू नका.