वाघिणींचा शिकारी

मराठीत मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात. ‘वॅगन’ हा शब्द मराठी तोंडात घोळून घोळून असा झाला. आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीतल्या एका तरुणाचं लग्न मात्र या एका शब्दावर जमलं. बघण्याच्या कार्यक्रमात मुलीच्या आजोबांनी विचारलं, “सुट्टीच्या दिवशी काय करता?” हा म्हणाला, “वाघिणी मोजतो. फोटोही काढतो.” आजोबांना वाटलं, वनखात्यातलं काहीतरी आहे. “भीती नाही वाटत?” “सवय झाली की नाही वाटत. फक्त फार जवळ जायचं नाही.” मुलगा धाडसी आहे, असा आजोबांनी निर्वाळा दिला. खरा प्रकार उलगडला तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या.

हा गृहस्थ सोमवार ते शुक्रवार महाप्याच्या एका कचेरीत हिशेब लिहितो आणि शनिवार-रविवार मालगाड्यांच्या मागावर असतो. या जमातीची माणसं आता नवी मुंबईत बऱ्यापैकी झाली आहेत. ओळखायला सोपी असतात. फलाटावर सगळे लोकलच्या दिशेने माना वळवून उभे असतात, तेव्हा हा एकटा उलटीकडे बघत असतो. गळ्यात कॅमेरा, पाठीवर सॅक, खिशात फलाटाचं दहा रुपयांचं तिकीट. बोलता बोलता मध्येच बोट वर करून तो तुम्हाला गप्प करतो. लांबवर भोंगा वाजलेला असतो. आपल्याला तो कुकरच्या शिट्टीइतकाही ऐकू आलेला नसतो. त्याला मात्र इंजिन कुठल्या जातीचं, ते कळलेलं असतं.

फ्लॅट घेतानाची गोष्ट तर दलाल अजून सांगतो. बिचाऱ्याने प्रामाणिकपणे कबूल केलं होतं, “साहेब, एक दोष आहे. रात्रभर गाड्यांचा आवाज येतो. म्हणून थोडं कमी करून देऊ.” याने बाल्कनीतून वाकून विचारलं, “मधे झाड येतंय. ते पावसाळ्यात फार वाढतं का?” दलालाने तिथल्या तिथे भाव पुन्हा वर नेला.

एक्स्प्रेसचे फोटो काढणाऱ्यांना तो जरा कमी लेखतो. एक्स्प्रेसला वेळापत्रक असतं. वंदे भारत अमुक वाजता येणार, हे पोरंसोरंही सांगतात. त्यात शिकार कसली? तो तर सत्यनारायणाचा प्रसाद. रांगेत उभं राहा, मिळतो. मालगाडीला प्रवाशांसाठी छापलेलं वेळापत्रक नसतं. ती वाट मोकळी मिळाली की निघते, सिग्नल मिळाला की चालते आणि मागून एखादी पॅसेंजर आली की बाजूला उभी राहते, मोठ्या घरातल्या धाकट्या सुनेसारखी. त्यामुळे तिची वाट बघण्याला अंत नसतो. दिवा स्टेशनवरचा मित्र मोबाइलवर कळवतो, “सुटली. लीडला वॅग-नऊ इंजिन. मागे सगळे कंटेनर.” हा सज्ज होतो. दिव्याहून पनवेल ते कितीसं लांब? पण तळोज्याला तिला थांबवतात. ऊन चढतं, डब्यातले पोहे संपतात, बाकावरचे प्रवासी सात वेळा बदलतात. हा जागचा हलत नाही.

आणि मग ती येते. आधी दिव्याचा ठिपका, मग इंजिनाचा चेहरा. मालगाडी ओढणाऱ्या विजेच्या इंजिनाचं नाव ‘वॅग’ने सुरू होतं, म्हणजे पुढे वॅग आणि मागे वाघिणी, असं हे सगळं व्याघ्रकुळ चालत येतं. त्यातलं वॅग-बारा म्हणजे पट्टेरी वाघ. बिहारमधल्या मधेपुऱ्याच्या कारखान्यात जन्मलेलं, दोन जोडभागांचं, १२,००० अश्वशक्तीचं. ते दिसलं त्या दिवशी तो घरी पेढे आणतो. बटणावर बोट ठेवून तो श्वास रोखतो, इंजिन नेमक्या जागी येतं, ऊन नेमकं नाकावर पडतं, आणि त्याच क्षणी मधल्या रुळावर पनवेल-सीएसएमटी लोकल येऊन उभी राहते.

उभ्या महामुंबईत मालगाडीने लोकल अडवली म्हणून शिव्या देणारी लाखो माणसं आहेत. लोकलने मालगाडी अडवली म्हणून कपाळावर हात मारणारा हा एकच. दाराला लटकलेल्या प्रवाशांना वाटतं, याची गाडी चुकली. ते हात पुढे करून ओरडतात, “चल, ये, ये!” तेवढ्यात पलीकडून पंचेचाळीस वाघिणी खडखडत निघून जातात. त्या पंचेचाळीसच होत्या, हे न बघता नुसत्या खडखडाटावरून तो सांगतो. कंटेनरच्या गाडीला तेवढ्याच असतात. एकेका वाघिणीवर वीसफुटी दोन, म्हणजे नव्वद कंटेनर. कोळशाची असेल तर हिशेब वेगळा. शेवटी गार्डचा डबा. २०२२ सालापासून गार्डला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणायचं असा रेल्वेचा हुकूम आहे. हा मात्र जुन्या ओळखीने “गार्डसाहेब!” म्हणून हात हलवतो आणि गार्डसाहेबही हात करतात. पाचशे माणसांच्या फलाटावर त्यांच्याकडे बघणारा तेवढा एकच असतो.

अशा माणसाला पोलीस हटकणारच. रेल्वे सुरक्षा दलाचा जवान येतो.

“ए भाऊ, काय काढतोयस?”

“मालगाडी.”

“कशाला?”

आता या ‘कशाला’ला काय सांगणार? विकायला नाही, छापायला नाही, लाइक्ससाठी म्हणावं तर मालगाडीच्या फोटोला लाइक्स देणारे सगळे मिळून एका रिक्षात मावतील. जवान कॅमेरा मागतो. पहिला फोटो: इंजिन. दुसरा: इंजिन. तिसरा: तेच इंजिन, थोडं पुढे आलेलं. चाळिसाव्या फोटोपर्यंत माणूस सापडत नाही म्हटल्यावर जवानाच्या चेहऱ्यावरचा संशय जातो आणि तिथे दया येते. “रुळावर उतरू नको,” एवढं सांगून तो कॅमेरा परत देतो. हा दुखावतो. रूळ ओलांडणं म्हणजे रेल्वे कायद्याचं कलम १४७, हे तो कलमासकट सांगू शकतो, आणि रुळावर उभं राहून सेल्फी काढणाऱ्यांना त्याच्या शब्दकोशात सर्वांत वाईट शिवी आहे: ‘पब्लिक’.

घरच्यांनी त्याचा कॅमेरा सत्कारणी लावायचा प्रयत्न केला होता. मेहुणीच्या लग्नात म्हणाले, तूच फोटो काढ. वधूवरांचा फोटो त्याने अशा कोनातून घेतला, की नवरदेवाचं नाक पुढे आणि आहेर द्यायला आलेल्यांची रांग मागे वळणावर दिसावी. पंगतीचा फोटो तर अजरामर आहे. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अखंड पंगत, एकही माणूस कापलेला नाही, आणि शेवटच्या पानावर मठ्ठा ओरपणारे मामा गार्डच्या डब्यासारखे स्पष्ट.

त्याच्या स्वतःच्या लग्नानंतर दोघं नवराबायको गोव्याला गेली. बायकोला वाटलं विमानाने. हा म्हणाला कोकण रेल्वेने, दिवसाच्या गाडीने. “कोकण बघत जाऊ.” कोलाडला गाडी थांबली आणि बाजूच्या रुळावर रो-रो उभी दिसली. भरलेले ट्रक थेट सपाट वाघिणींवर चढवून कोलाडहून वेर्ण्याला न्यायची ही सोय कोकण रेल्वेने १९९९ साली सुरू केली. ट्रकवाले आपापल्या केबिनीत पाय पसरून निवांत बसलेले असतात. चाकं ट्रकची, पण चालतात रेल्वेची. याला एवढं भरून आलं, की बायकोच्या खांद्यावरचा हात काढून तो दारात गेला आणि ओळीने सगळ्या ड्रायव्हरांना हात करत सुटला. “अहो, ओळखीचे आहेत का?” तिने विचारलं. “नाही गं,” तो म्हणाला, “पण किती सुखी आहेत बघ.” त्या सहलीच्या अल्बममध्ये समुद्राचे चार आणि ट्रकांचे अठ्ठावीस फोटो आहेत.

रेल्वेचा मेगाब्लॉक असला की तो बसकडे वळतो. मग मुक्काम पनवेलचा एसटी स्टँड किंवा कळंबोलीचा मॅकडोनाल्ड. पुण्याला जाणारे तिथे बस पकडतात, हा बस टिपतो. लाल परी सगळ्यांना सारखीच दिसते. हा नंबरावरून तिचं माहेर सांगतो. एमएच-१४ म्हणजे दापोडीच्या कार्यशाळेत बांधलेली, एमएच-२० चिकलठाण्याची, एमएच-४० हिंगण्याची. एसटीची पहिली बस १ जून १९४८ ला पुणे-नगर वाटेवर धावली आणि ७४ वर्षांनी, १ जून २०२२ ला, विजेवरची पहिली शिवाईही त्याच वाटेने धावली. हे सांगताना त्याचा आवाज कापरा होतो. बेस्टच्या साध्या डबलडेकरची शेवटची फेरी १५ सप्टेंबर २०२३ ला झाली. त्या दिवशी त्याने रजेच्या अर्जात कारण लिहिलं, ‘घरात दुःखद घटना’. साहेबांनी सांत्वनाला फोन केला. याने फार विस्ताराने सांगितलं. साहेबांनी अर्ध्या दिवसाचा पगार कापला.

तशी दुःखं त्याला पुष्कळ आहेत. २०२२ मध्ये कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण झालं. बातमी वाचून सारं कोकण सुखावलं, हा मात्र काळा धूर ओकत घाट चढणाऱ्या डिझेल इंजिनांच्या आठवणीने दोन घास कमी जेवला. प्रदूषण कमी होईल असं मी म्हटलं, तर म्हणाला, “काका, बरोबर आहे तुमचं. पण आजोबा गेले की घरातला विडीचा वास जातो, म्हणून कोणी आनंद करतं का?”

मला गप्प बसावं लागलं. मीसुद्धा एकदा त्याला तो ‘कशाला?’ विचारला होता. त्याने उत्तर न देता मला बाल्कनीत नेलं. खालून जेएनपीटीकडून आलेली कंटेनरची गाडी चालली होती. न्हावाशेवाचं ते बंदर १९८९ साली सुरू झालं आणि पुढे तिथून दिल्लीजवळच्या दादरीपर्यंत मालगाड्यांसाठी सुमारे दीड हजार किलोमीटरचा स्वतंत्र लोहमार्ग आखला गेला. त्याच्या विजेच्या तारा एवढ्या उंच, की खाली कंटेनरवर कंटेनर ठेवून गाडी जाते. “काका,” तो म्हणाला, “तुमचा टीव्ही, माझा कॅमेरा, काकूंचा मिक्सर, यातलं काय काय अशा डब्यांतून आलं असेल सांगा. कळंबोलीच्या बाजारातलं लोखंड याच रुळांवरून येतं. त्याच्या सळ्यांवर आपली इमारत उभी आहे. आणि ही गाडी आली की सगळे घड्याळ बघतात. गाडीकडे कोणी बघतच नाही.” एवढं बोलून तो एकदम ओशाळला. नंतर दोघांनी मिळून वाघिणी मोजल्या. माझ्या त्रेचाळीस भरल्या. त्याने मोठ्या मनाने सांगितलं, “पहिल्या वेळेला दोन निसटतातच.”

तेव्हा वाचकहो, पनवेलच्या पुलावर किंवा तळोज्याच्या फलाटाच्या टोकाला असा कोणी उलट दिशेला तोंड करून उभा दिसला, तर त्याला ‘कशाला?’ विचारू नका. ते पोलीस विचारतात, सासरे विचारतात, साहेब विचारतात. ‘आज लीडला काय?’ एवढंच विचारा. मात्र त्याआधी आपली लोकल सोडून द्यायची तयारी ठेवा, कारण उत्तर गार्डच्या डब्यापर्यंत चालतं.